दुसऱ्याच्या नावाने उठलेला लॅपटॉप

पंखा फिरला, कॅप्स लॉकचा दिवा एकदा लागून विझला, कंपनीचं चिन्ह पडद्यावर आलं आणि त्याच्याखाली बारीक पांढऱ्या अक्षरांत एक ओळ उमटली: ‘लायब्ररी १४’. टेबलापलीकडे उभी असलेली मुलगी, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची, म्हणाली, “काका, हे आधी येत नव्हतं. माझ्या मशीनवर हे कुठून आलं?” तिचा लॅपटॉप फर्मवेअर, म्हणजे बोर्डावरच्या चिपमध्येच बसलेला प्रोग्रॅम, अपडेट होता होता मध्येच बंद पडला होता. एका दुकानातून तो ‘बायोस टाकून’, म्हणजे मशीन उठवणारा तो प्रोग्रॅम नव्यानं भरून, परत आला, चालू लागला, पैसे दिले गेले. घरी गेल्यावर लक्षात आलं, की विंडोज ४८ आकडी किल्ली मागतंय, आतला सिरियल नंबर खालच्या स्टिकरशी जुळत नाही आणि मशीन स्वतःला कुठल्यातरी वाचनालयातलं चौदा नंबरचं मशीन समजतंय.

त्या दुकानानं तिला फसवलं असं मला वाटत नाही. मदरबोर्डचा नंबर पाहायचा, त्या नंबरची बिन फाइल, म्हणजे दुसऱ्या मशीनच्या चिपची पूर्ण प्रत, नेटवरून किंवा एखाद्या ग्रुपवरून मिळवायची, बायोसच्या चिपवर रायट करायची, डिस्प्ले आला की मशीन जोडून द्यायचं. रोज कितीतरी ठिकाणी हेच चालतं आणि त्यातून बहुतेक लॅपटॉप उठतातही. खुपलं ते वेगळंच. नवीन फाइल चढवण्याआधी चिपमधलं जुनं कुणी वाचून ठेवलं नव्हतं. तीन-चार मिनिटांचं काम. त्या चिपमध्ये या मुलीच्या मशीनचं जवळजवळ सगळं तेव्हाही शाबूत असणार. अर्धवट अपडेटनं चिपचा एखादा भाग जातो, सगळी चिप जात नाही. जो भाग शिल्लक होता तो दुरुस्तीत गेला.

ती चिप एकदा जवळून पाहावी अशी आहे. हरभऱ्याच्या डाळीएवढी काळी चौकट, दोन्ही बाजूंना चार-चार पाय, एका कोपऱ्यात खोलगट ठिपका. ठिपक्याजवळचा पाय एक नंबरचा. वरची अक्षरं समोरून दिसत नाहीत. मोबाईलचा टॉर्च बाजूनं तिरपा धरला की मग राखाडी रंगात उमटतात. विनबॉंड हे कंपनीचं नाव, २५क्यू१२८, पुढे आणखी दोन-चार अक्षरं. १२८ हा आकडा मेगाबिटचा, म्हणजे जागा १६ एमबी. २५क्यू६४ असेल तर ८ एमबी, २५क्यू२५६ असेल तर ३२. या १६ एमबीत नुसता बायोस नसतो. इंटेलच्या मशीनमध्ये अगदी सुरुवातीला ४ केबीचा एक नकाशा असतो, डिस्क्रिप्टर म्हणतात त्याला. कुठला भाग कुठून कुठपर्यंत आणि कुणी वाचायचा-लिहायचा ते त्यात. मग मॅनेजमेंट इंजिनचा, म्हणजे इंटेलच्या चिपसेटमधल्या छोट्या स्वतंत्र संगणकाचा भाग, कारागिरांच्या भाषेत ‘एमई रीजन’. मशीनला केबलच्या नेटवर्कचं इंटेलचं पोर्ट असेल तर त्याचा ८ केबीचा छोटा तुकडा, मॅक ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरची मशीनची ओळख, त्यात. आणि शेवटाकडे बायोसचा मोठा भाग, ज्यात प्रोग्रॅमबरोबर सेटिंग, सिरियल नंबर, मशीनचा युनिक आयडी, आणि लॅपटॉपसोबत विंडोज आलं असेल तर त्याची लायसन्स की. ही चिप म्हणजे मशीनचा सातबारा आहे. दुसऱ्याच्या शेताचा उतारा आणून चिकटवला तर शेत पिकेल, पण नाव दुसऱ्याचंच लागणार.

अपडेट नेमकं कुठं फसतं, ते या चिपच्या स्वभावात आहे. हिच्यावर लिहिणं पाटीवर लिहिण्यासारखं असतं. आधी पुसल्याशिवाय नवीन अक्षर उमटत नाही. पुसल्यावर सगळे बिट १ होतात, म्हणजे फाइलमध्ये पाहिलं तर ओळीनं एफएफ एफएफ एफएफ. लिहिताना फक्त १ चा ० करता येतो, ० चा १ करता येत नाही, त्यासाठी तो तुकडा पुन्हा पुसावा लागतो. लहानात लहान तुकडा सहसा ४ केबीचा, मोठा ६४ केबीचा. म्हणजे अपडेट चालू असताना प्रत्येक तुकड्यासाठी एक क्षण असा येतो, की जुनं पुसलं गेलंय आणि नवीन अजून उतरलेलं नाही. त्या क्षणी वीज गेली तर तो तुकडा कोरा राहतो.

लॅपटॉपला बॅटरी असते, मग वीज गेल्यानं काय होणार, असं वाटतं. पण किती लॅपटॉप असे पाहायला मिळतात, ज्यांची बॅटरी केव्हाच गेलेली असते आणि चार्जरची पिन हलली तरी मशीन बंद होतं. अपडेटचा प्रोग्रॅम चार्जर आणि बॅटरी दोन्ही तपासतो, बॅटरी फार कमी असेल तर पुढे जात नाही. मात्र म्हाताऱ्या बॅटरीनं सांगितलेले टक्के खरे नसतात. ४० टक्के दाखवणारी बॅटरी चार्जर निघताच दोन सेकंदांत शून्यावर येते. एप्रिल-मे महिन्यात वळवाच्या पावसाआधी संध्याकाळी जो वारा सुटतो आणि वीज ये-जा करते, तेव्हा अशा मशीनवर अपडेटचं बटण दाबू नये. इन्व्हर्टरवर लावावं, नाहीतर सकाळपर्यंत थांबावं.

तरीही माझ्या मते विजेपेक्षा जास्त मशीन आपल्या बोटानं जातात. हल्ली फर्मवेअर विंडोज अपडेटमधूनच येतं, माणसाला वेगळं कळतही नाही. विंडोजमध्ये असताना प्रत्यक्षात काहीच लिहिलं जात नाही, फक्त फाइल ठेवली जाते. खरं काम रिस्टार्ट झाल्यावर होतं. पडद्यावर टक्केवारीची पट्टी येते, शंभर होते, मशीन बंद होऊन परत सुरू होतं, आणि मग पडदा काळा. पंखा पूर्ण वेगानं घुरघुरतो, कारण आता एम्बेडेड कंट्रोलर नावाच्या छोट्या चिपचं फर्मवेअर बदलतंय, आणि पंखा सांभाळणारा तोच असतो. ते झालं की मशीन आणखी एक-दोनदा बंद-चालू होतं. त्यानंतर रॅमचं ट्रेनिंग, म्हणजे रॅमशी वेळेचा मेळ बसवणं, नव्यानं होतं, कारण जुनी मोजमापं नव्या बायोसनं टाकून दिलेली असतात. डीडीआर५ रॅम भरपूर असेल तर यातच काही मिनिटं जातात. या सगळ्या वेळात पडद्यावर एक अक्षर नसतं. माणूस पाच मिनिटं थांबतो, सात मिनिटं थांबतो, घरातलं कुणीतरी म्हणतं “हँग झालाय, बटण दाबून धर”, आणि दहा सेकंद बटण दाबलं जातं.

चार्जर लावलेला असू द्या आणि घड्याळ लावून अर्धा तास त्याला हात लावू नका.

या धोक्याला तसा इतिहास आहे. पूर्वी बायोस ज्या चिपमध्ये असायचा तिला वर काचेची छोटी खिडकी असायची, त्यावर स्टिकर. आतलं पुसायचं तर चिप काढून अतिनील दिव्याखाली ठेवावी लागायची. घरबसल्या कुणी तो बदलू शकत नव्हतं, म्हणून बिघडवूही शकत नव्हतं. मग विजेनंच पुसता येणारी फ्लॅश चिप आली आणि चालू मशीनमधूनच लिहिता येऊ लागलं. मग २६ एप्रिल १९९९ ला सीआयएच नावाच्या व्हायरसनं, ज्याला लोक चेर्नोबिल म्हणायचे, ठरलेल्या दिवशी उठून डिस्कबरोबर बायोसवरही कचरा लिहिला आणि अनेक संगणक सकाळी सुरूच झाले नाहीत. त्या काळी बऱ्याच बोर्डांवर चिप सॉकेटमध्ये असायची, उपटून दुसरी बसवता यायची. आता लॅपटॉपमध्ये ती थेट सोल्डर केलेली असते. २०१७ च्या डिसेंबरमध्ये उबुंटू १७.१० डाउनलोडवरून मागे घ्यावं लागलं, तेही एका ड्रायव्हरमुळे काही लॅपटॉपची हीच चिप बिघडत होती म्हणून.

आता मशीन समोर आहे आणि डिस्प्ले येत नाही. लगेच पेचकस हातात घ्यायची गरज नाही. आधी चार्जर काढावा, बॅटरी बाहेरून निघत असेल तर काढावी, पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरावं आणि मग फक्त चार्जरवर चालू करून पाहावं. साठलेला चार्ज निघून गेला की अर्धवट अडकलेला कंट्रोलर पुष्कळदा भानावर येतो. नाही आलं तर दिवे मोजावेत. डेलच्या बऱ्याच लॅपटॉपवर दोनदा पिवळा आणि दोनदा पांढरा दिवा लागतो तेव्हा मशीन सांगतं, की बायोस खराब आहे. दोन पिवळे आणि तीन पांढरे म्हणजे रॅम सापडत नाही. एचपीवर कॅप्स लॉकचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो, तोही मोजून कंपनीच्या तक्त्यात पाहावा. एकदा मोजून विश्वास ठेवू नये, दोनदा-तीनदा मोजावं, कारण सुरुवात नेमकी कुठून होते तेच पहिल्यांदा कळत नाही. दिवाच लागत नसेल, बटणाला काहीच प्रतिसाद नसेल, तर आधी चार्जर आणि पॉवर तपासावी. मात्र अनेक लॅपटॉपमध्ये एम्बेडेड कंट्रोलरचा प्रोग्रॅमही याच चिपमध्ये असतो, त्यामुळे बायोस उडाला की मशीन पूर्ण ‘डेड’ दिसतं. लोक अशा वेळी बोर्ड गेला म्हणून भंगारात देतात. अपडेट होता होता मेलेलं मशीन चिप वाचल्याशिवाय भंगारात देऊ नये.

दिवे बायोसकडे बोट दाखवत असतील, तर कंपनीनंच एक मागचं दार ठेवलेलं असतं. चिपमधला सगळ्यात आधी चालणारा छोटा भाग, बूट ब्लॉक, अपडेटमध्ये शक्यतो जपला जातो. बाकीचं खराब आहे हे त्याच्या लक्षात आलं की तो चांगली प्रत शोधतो. डेल आणि एचपी डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्ये, म्हणजे मशीन सुरू करण्यासाठी राखलेल्या छोट्या कप्प्यात, अशी प्रत ठेवतात. कुणी पूर्ण डिस्क पुसून नवीन सिस्टीम टाकली असेल तर मात्र ती प्रत गेलेली असते. मग पेनड्राइव्ह. ८ किंवा १६ जीबीचा, जुना साधा असला तर उत्तम, एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला. ६४ जीबीचा आणला तर विंडोजची नेहमीची फॉरमॅट खिडकी ३२ जीबीच्या वर एफएटी३२ चा पर्यायच देत नाही, माणूस एक्सएफएटी करतो, आणि बूट ब्लॉकला ते वाचता येत नाही. बाकी सगळं बरोबर करूनही अडलेली कितीतरी माणसं इथेच अडलेली असतात.

डेलच्या नव्या मशीनसाठी, म्हणजे साधारण २०१५ च्या अखेरीनंतरच्या, त्याच मॉडेलची बायोसची एक्झी फाइल उतरवायची आणि तिचं नाव बदलून ‘बायोस अंडरस्कोर आयएमजी’ आणि टिंबानंतर ‘आरसीव्ही’ असं करायचं, इंग्रजी मोठ्या-लहान अक्षरांसह कंपनीनं दिलंय तसंच. पेनड्राइव्ह लावायचा, चार्जर काढायचा, कंट्रोल आणि एस्केप दाबून धरायचं आणि बोटं न उचलता चार्जर लावायचा. रिकव्हरीचा पडदा आला की बोटं सोडायची. इथे दोन हात पुरत नाहीत. कुणाला तरी चार्जरची पिन लावायला सांगावं. एचपीमध्ये दुसऱ्या संगणकावर बायोसचं पॅकेज चालवलं की ते स्वतःच रिकव्हरी पेनड्राइव्ह बनवून देतं. मग लॅपटॉपवर विंडोज आणि बी दाबून धरायचं, पॉवर बटण दोन-तीन सेकंद दाबून सोडायचं, पण विंडोज आणि बी सोडायचं नाही. अर्धा-पाऊण मिनिट काहीच दिसत नाही. काही मॉडेलवर बी ऐवजी व्ही लागतो. पॅकेज उतरवताना कंपनीच्या साइटवर मॉडेलचं नाव टाकून थांबू नका. एकाच नावाखाली तीन-चार वेगवेगळे बोर्ड विकले जातात. सिरियल नंबर टाकून मिळेल तीच फाइल घ्यावी.

दिवा असलेला पेनड्राइव्ह या कामाला सोन्यासारखा. पडदा काळा असताना आत काय चाललंय हे सांगणारी तीच एक खूण असते. बटणं दाबून धरल्यावर काही सेकंदांनी तो दिवा भराभर लुकलुकू लागला तर बूट ब्लॉक जिवंत आहे आणि फाइल वाचतोय. मग चहा ठेवा आणि मशीनला हात लावू नका. एकदाच लागून स्थिर राहिला तर पोर्टला नुसती वीज मिळतेय, वाचणारं कुणी नाही. किंवा फाइलचं नाव, फॉरमॅट, पोर्ट यांत काहीतरी चुकतंय. दुसऱ्या बाजूचा यूएसबी पोर्ट वापरून पाहावा. जुन्या मशीनमध्ये निळ्या पोर्टपेक्षा काळा २.० चा पोर्ट जास्त भरवशाचा. एकेका पर्यायाला दोन-तीनदा संधी द्यावी, कारण बोटांची वेळ साधणं हाच त्यातला अर्धा भाग असतो.

हे सगळं करूनही दिवा स्थिरच राहिला, तर बूट ब्लॉकपर्यंत इजा पोचली आहे. आता मशीन उघडावं लागतं.

मागचं झाकण काढल्यावर पहिलं काम बॅटरीची पिन सोडवणं, दुसरं सीमॉसचा, म्हणजे तारीख-वेळ जपणारा छोटा सेल सोडवणं, आणि चार्जर तर लांबच ठेवायचा. चिपला लागणारी वीज आता प्रोग्रॅमर, म्हणजे चिप वाचण्या-लिहिण्याचं छोटं यंत्र, देणार असतो. बोर्डावर दुसरीकडून वीज आली तर एकतर वाचन चुकतं किंवा काहीतरी जळतं. प्रोग्रॅमर म्हणजे सीएच३४१ए, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर थोडक्या पैशांत मिळणारी काळी पट्टी. ती स्वस्त आहे, कामाची आहे, आणि तिच्यात एक खोट आहे जी विकणारा सांगत नाही: तिच्या जुन्या काळ्या प्रकारात चिपला वीज ३.३ व्होल्टची जाते, पण सिग्नलच्या तारांवर ५ व्होल्ट येतात. बहुतेक चिप ते सोसतात. सोसलं म्हणून ते बरोबर ठरत नाही. व्होल्टेज निवडता येणारा प्रकार घ्यावा. त्याहून मोठी चूक १.८ व्होल्टच्या चिपला ३.३ लावण्याची. म्हणूनच टॉर्च तिरपा धरून चिपवरचं पूर्ण नाव वाचायचं. विनबॉंडच्या नावात आकड्यांनंतर एफडब्ल्यू किंवा जेडब्ल्यू, मॅक्रोनिक्समध्ये २५यू, गिगाडिव्हाइसमध्ये २५एलक्यू दिसलं की ती १.८ ची, प्रोग्रॅमर आणि चिपचे पाय पकडणारी क्लिप यांच्यामध्ये १.८ व्होल्टचा ॲडॅप्टर लावल्याशिवाय यूएसबीला जोडायचं नाही.

क्लिपची लाल तार ठिपक्याच्या बाजूला. क्लिप दाबून बसवली की सॉफ्टवेअरला चिपची ओळख विचारायची. ईएफ ४० १८ असं उत्तर आलं तर विनबॉंडची ३.३ व्होल्टची १६ एमबी, ईएफ ६० १८ आलं तर तीच १.८ ची, सी२ नं सुरुवात झाली तर मॅक्रोनिक्स. नुसतं एफएफ एफएफ एफएफ किंवा ०० ०० ०० आलं तर क्लिप बसलेली नाही. पायांवर अनेकदा संरक्षक थर असतो, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशनं पुसून पुन्हा बसवावी. ओळख पटली की वाचायचं आणि फाइल ठेवायची. क्लिप पूर्ण काढायची, परत बसवायची, पुन्हा वाचायचं, दुसऱ्या नावानं ठेवायचं. दोन्ही फाइलींचा एसएचए२५६, म्हणजे फाइलचा बोटाचा ठसा, काढायचा. एका अक्षराचा जरी फरक आला तरी पुढे जायचं नाही. तार आखूड करावी, क्लिप बदलावी, किंवा मग चिप हॉट एअरनं उचलून सॉकेटमध्ये वाचावी. चिपभोवती उष्णता सोसणारी कॅप्टॉन टेप लावून, पायांवर फ्लक्स सोडून. हात बसलेला नसेल तर उचलण्याचं काम दुसऱ्याला द्यावं. बोर्डावरचा एक पॅड उखडला तर बायोसची तक्रार बोर्डाची होऊन बसते.

दोन्ही फाइली जुळल्या की त्या हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलमधली बाइट्स जशीच्या तशी दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडून पाहाव्यात. १० हेक्सच्या जागी ५ए ए५ एफ० ०एफ दिसलं तर डिस्क्रिप्टर शाबूत आहे. खाली जात राहावं. पडदाभर आकडे आणि अक्षरं दाटीवाटीनं धावत राहतात, मध्येच एखादा इंग्रजी शब्द, कंपनीचं नाव, तारीख. आणि मग एका ठिकाणी सगळं थांबतं. एफएफ एफएफ एफएफ एफएफ, ओळीमागून ओळ, पानामागून पान. चिपमध्ये मुळातही बऱ्याच जागा रिकाम्या असतात, म्हणून आपल्या मॉडेलच्या ताज्या बायोसशी शेजारी लावून पाहावं लागतं. तिथे जर मजकूर असेल आणि इथे कोरं, तर हीच ती जागा. वीज इथे गेली. बटण इथे दाबलं गेलं. आधीच्या ओळींत नवीन आवृत्ती, कोऱ्या पट्ट्यानंतर जुनी. इतकं नेमकं ठिकाण सापडलं की मन चरकतं.

आता जोडकाम. आपली वाचलेली फाइल हाच पाया. तिची एक प्रत करायची, मूळ फाइलीला हात लावायचा नाही. कंपनीच्या अपडेटमधून बायोसचा भाग वेगळा काढायचा. प्रत्येक कंपनीचं वेष्टण वेगळं. असुसच्या कॅप फाइलीत सुरुवातीची २०४८ बाइट्स नुसतं वेष्टण असतं, ती न काढता चिपवर चढवलं तर सगळं २०४८ घरं सरकून बसतं आणि मशीन तसंच मेलेलं राहतं. यूईएफआयटूल या प्रोग्रॅममध्ये दोन्ही फाइली उघडून आपल्या प्रतीत फक्त बायोसचा खराब झालेला प्रोग्रॅम बदलायचा. डिस्क्रिप्टर आपलाच, नेटवर्कचा तुकडा आपलाच, एमई शाबूत असेल तर तोही आपलाच, आणि ज्या कप्प्यात सिरियल नंबर, युनिक आयडी आणि लायसन्स असतं तोही आपलाच ठेवायचा. शेवटी फाइलचा आकार चिपच्या आकाराएवढा आहे ना ते बाइटपर्यंत मोजायचं: १६ एमबी म्हणजे १,६७,७७,२१६. मग पुसणं, लिहिणं, आणि व्हेरिफाय, म्हणजे लिहिलेलं परत वाचून ताडून पाहणं. व्हेरिफाय न करता क्लिप काढू नये.

दुसऱ्याची बिन फाइल सरसकट चढवली की काय होतं, ते हेच उलट वाचलं की कळतं. दुसऱ्या मशीनवर रुळलेला एमई या चिपसेटशी जमवून घेत नाही. पंखा उगाच जोरात फिरतो, सुरू व्हायला वेळ लागतो, काही मशीन दर तीस मिनिटांनी आपोआप बंद होतात. आणि गिऱ्हाईक “बोर्डातच काहीतरी आहे” असं म्हणत फिरत राहतं. बदल करून ‘अनलॉक’ केलेली फाइल असेल आणि मशीनमध्ये बूट गार्ड, म्हणजे कंपनीची सही तपासणारा इंटेलचा पहारा, असेल, तर सुरुवातीच्या ब्लॉकची सही जुळत नाही आणि मशीन उठतच नाही. कधी दुसरा इलाज नसतो, जुनी चिपच वाचता येत नाही एवढी गेलेली असते. तेव्हा दात्याची, म्हणजे तशाच दुसऱ्या मशीनची, फाइल घ्यावीच लागते. पण तेव्हाही एमई त्याच आवृत्तीचा कोरा टाकावा, आणि सिरियल, आयडी आपल्या मशीनचे भरावेत. दोन मशीनवर एकच युनिक आयडी आणि एकच मॅक ॲड्रेस असणं हे उद्या एखाद्या ऑफिसच्या नेटवर्कवर दोघांनाही त्रास देणार.

जोडणी नीट झाल्यावरही पहिली सुरुवात लांबते. दोन-तीनदा बंद-चालू, काळा पडदा, तारीख चुकल्याचा निरोप. इथेही बटणाला हात लावायचा नाही.

आणि ४८ आकडे. विंडोजनं डिस्कला बिटलॉकर नावाचं कुलूप लावलेलं असतं, अनेकदा मालकाला न विचारता, मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन केलं तेव्हाच. त्याची किल्ली टीपीएम, म्हणजे मशीनमधली किल्ल्यांची तिजोरी, सांभाळतं. बऱ्याच लॅपटॉपमध्ये टीपीएमची वेगळी चिप नसते. ते फर्मवेअरमध्येच चालतं आणि त्याचा साठा याच हरभऱ्याच्या डाळीएवढ्या चिपमध्ये असतो. आपला एमई आणि आपले कप्पे जपले असतील तर डिस्क ओळख देण्याची शक्यता तरी राहते. सगळी चिप दुसऱ्याच्या फाइलनं भरली की ती राहत नाही, मग सहा-सहा आकड्यांचे आठ गट हाच एक मार्ग. म्हणून अपडेटआधी दोन कामं करावीत: बिटलॉकर ‘सस्पेंड’ करावं, आणि किल्ली कागदावर लिहून घ्यावी. लॅपटॉपच्या बॅगेत नाही, घरातल्या कपाटात.

त्या मुलीच्या मशीनवर लायब्ररी १४ ची चिप आधी वाचली, दोनदा, आणि ती फाइल वेगळी ठेवली. किल्ली तिच्या अकाउंटमध्ये सापडली नाही. लॅपटॉप घेतला तेव्हा पहिलं लॉगिन वडिलांच्या अकाउंटनं झालं होतं, हे तिला बऱ्याच वेळानं आठवलं. वडिलांच्या फोनवर ओटीपी गेला, त्यांनी तो शिफ्टमधून सांगितला, आणि आठ गट एकेक करून भरल्यावर प्रोजेक्टचं फोल्डर समोर आलं. ती खुर्चीत बसली तेव्हा कुठे. एमई कोरा केला, वाचनालयाचं नाव काढलं, तिथला सिरियल नंबर काढला. तिचा स्वतःचा युनिक आयडी आता कुठेच नव्हता, तो नव्यानं बनवावा लागला. राहिला सिरियल नंबर. खालचं स्टिकर तीन वर्षं मांडीवर घासून पांढरं पडलेलं. टॉर्च तिरपा धरून सहा अक्षरं लागली. सातवं ८ आहे की बी, ते काही कळेना. तिनं घरी फोन लावला. आईनं माळ्यावरून खोकं काढलं, चष्मा शोधला, आणि बारकोडखालचं एकेक अक्षर सावकाश वाचून दाखवलं. सातवं अक्षर बी होतं.